उन्हाळ्यात फुलपाखरं पाहायची तर आधी ओल शोधा

एप्रिल-मे मध्ये गळ्यात दुपट्टा, हातात वही आणि पाण्याची बाटली घेऊन मी घराबाहेर पडलो की आजी ओसरीवरून ओरडते, "काऊन रे, डोस्कं फिरलं का तुयं? एवढ्या उनात पाखरायले काय पायतं?" तिचं चुकत नाही म्हणा. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, बोर अभयारण्याच्या अलीकडे, पारा ४५ च्या खाली उतरला तर लोक म्हणतात आज बरं आहे. तूर निघालेली, पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचलेली, वावर उघडं बोडकं. आणि फुलपाखरू म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात श्रावणच येतो.

पण खरं सांगू का, नवीन माणसाला सुरुवात करायला उन्हाळा सोपा पडतो. पावसाळ्यात जिकडंतिकडं हिरवं असतं, फुलं असतात, त्यामुळं फुलपाखरं पार विखुरलेली असतात आणि आपण गवतात टोंगळ्याएवढ्या चिखलातून त्यांच्यामागं पळतो. उन्हाळ्यात त्यांना पाणी, सावली आणि खायला काहीतरी अशा मोजक्याच जागा उरतात, मग आपण पळायचं नाही, त्या जागेशी जाऊन गप बसायचं. ते येतातच.

पहिलं काम, घड्याळ बदला

दहा वाजता चहा-नाश्ता करून निघाल तर काहीच दिसणार नाही आणि वरून ऊन लागेल ते वेगळं. सकाळी साडेसहाला जागेवर पोचायचं, साडेनऊ-दहाला परत. थंडीत फुलपाखरांना उडण्याआधी पंख पसरून अंग तापवावं लागतं, मे महिन्यात ते काम सूर्य उगवल्या-उगवल्याच होऊन जातं. दुपारी ते पानांच्या खालच्या बाजूला, नाल्याच्या कपारीत, दाट झाडाच्या पोटात लपून राहतात. पुन्हा साडेचारनंतर हालचाल सुरू होते, पण मला विचाराल तर सकाळच बरी, संध्याकाळी जमीन अजून भाजत असते. घरी आल्यावर कांदा-कैरीचं पन्हं वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

मग ओल शोधा

हे या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं. गावातली हापशी, जनावरांना पाणी पाजायचं टाकं, संत्र्याच्या बगीच्यातलं गळकं ड्रिप, नाल्यात उरलेला शेवटचा डोबरा, कोठ्यामागं गोमूत्र झिरपतं ती जागा. तिथल्या ओल्या मातीवर फुलपाखरं घोळक्यानं बसून सोंड मातीत खुपसून पीत असतात, याला आमचे फुलपाखरूवाले चिखलपान म्हणतात. नुसती तहान नसते ती. फुलांच्या रसात साखर भरपूर पण मीठ जवळजवळ नसतंच, ते सोडियम त्यांना मातीतून घ्यावं लागतं. आणि बसलेल्यांत बहुतेक सगळे नरच, मिलनाच्या वेळी ते मीठ ते मादीला देतात आणि मादी अंड्यांसाठी वापरते. म्हणजे हापशीवर बायांची गर्दी असते आणि बाजूच्या चिखलात नरांची, आमच्या पोट्ट्यांना हे लय आवडतं.

ओलीवर पहिल्याच दिवशी बहुतेक दिसतील ते म्हणजे फिकट पिवळे-हिरवट कॉमन इमिग्रंट, दहा-पंधरा एका जागी, सगळ्यांची पंख मिटलेली आणि तोंडं जवळपास एकाच बाजूला. त्यात काळ्या शिरांचे पांढरे पायोनियर आणि कॉमन गल मिसळलेले असतात. मध्येच काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं लाइम. मग बोटाच्या नखाएवढी करडी-निळी पिल्लं दिसतात, ती पिल्लं नाहीत, त्या ब्लूज नावाच्या वेगळ्याच छोट्या जाती आहेत (फुलपाखरू एकदा कोषातून निघालं की वाढत नाही, छोटं ते छोटंच).

जवळ अशी ओल नसेल तर करा. मातीचं पसरट भांडं नाहीतर फुटका माठ घ्या, त्यात वाळू-माती, चिमूटभर मीठ, मूठभर राख, आणि ते ओलं ठेवा, तळं करायचं नाही. त्यासाठी वेगळं पाणी ओतू नका, उन्हाळ्यात आधीच टँकरची वाट पाहतो आपण, भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी पुरतं, फक्त साबणाचं नको. चार-पाच दिवस एकाच जागी ठेवलं की त्यांना ठिकाण कळतं. आणि एक, घामेजलेला दुपट्टा दगडावर वाळत टाकून पाहा, त्याच्यावरही येऊन बसतात, माझ्या चपलेवर एकदा ब्लू पॅन्सी बसून राहिली होती आणि मी अर्धा तास एका पायावर.

सडकं फळ फेकू नका

सगळीच फुलपाखरं फुलावर जात नाहीत हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. आंब्याखाली पडून सडलेले आंबे असतात ना, तिथं सकाळी जा. कॉमन बॅरन येतो, मातकट-हिरवट, झपकन उडून पुन्हा तिथंच बसणारा, त्याची अळी आंब्याच्याच पानावर मधल्या शिरेला चिकटून बसते आणि बोट लावेपर्यंत दिसत नाही. चिंचेजवळ ब्लॅक राजा दिसू शकतो, जाडजूड अंगाचा, नाव राजा पण बसतो शेणावर नाहीतर झाडाच्या चिकावर. मोहाच्या पडलेल्या फुलांवर, टेंभुर्णीच्या पिकल्या फळांवरही अशी मंडळी येतात.

घरी करायचं तर दोन काळी पडलेली केळी आणि गूळ कुस्करून दोन दिवस झाकून ठेवा, आंबूस वास सुटला की ताटलीत घालून झाडाला टांगा. बाहेरचे लोक सांगतात त्यात थोडी दारू घाला, पण आमच्या वर्ध्यात दारूबंदी, गडचिरोलीतही १९९३ पासून, त्यामुळं आपलं केळंच आंबू द्या, ते पुरेसं आहे. ताटलीच्या दोरीला मधे तेल नाहीतर ग्रीस लावा, नाहीतर फुलपाखरांच्या आधी मुंग्यांची पंगत बसते.

आता झाडं ओळखा, फुलपाखरं आपोआप येतील

फुलपाखरू कुठंही उडो, अंडी मात्र ठरलेल्या झाडावरच घालतं, कारण अळीला तेच पान चालतं. आणि झाडं तर आपल्याला येतातच! शहरातल्या माणसाला आधी झाड शिकावं लागतं, आपला तो अर्धा अभ्यास गुरं चारता-चारता झालेला असतो.

संत्र्यापासूनच सुरू करू. कोवळी नवती फुटली की तिच्यावर लाइम फुलपाखराची मादी एकेक करून पिवळसर गोल अंडी घालत जाते. लहान अळी हुबेहूब पाखराची शीट पडल्यासारखी काळी-पांढरी असते, मोठी झाली की हिरवीगार. तिला जरा डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. संत्रावाल्यांना ही अळी चांगली माहीत आहे, नर्सरीतली रोपं ती उघडी करते, म्हणून फवारे मारतात. मी बागायतदाराला बोल लावणार नाही, पण धुऱ्यावरच्या एखाद-दोन लिंबाच्या झाडांना फवारा नाही मारला तर कुणाचं काही जात नाही. अंगणातल्या गोडनिंबावर कॉमन मॉर्मन येतं, ते याच्याच भाऊबंदातलं. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, तेही संत्र्या-लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं ते जाहीर केलं आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं देशातलं पहिलं राज्य आपलं. पण त्याला गर्द सावली आवडते, आमच्याकडं उन्हाळ्यात रोज दिसेल अशी आशा धरू नका.

रुईवर प्लेन टायगर. नारिंगी, पंखांच्या टोकाशी काळं-पांढरं, आरामात तरंगत उडणारं. त्याला घाई नसते कारण रुईचं विष अळीपणीच अंगात भरलेलं असतं, पाखरू एकदा चोच मारून पाहतं आणि पुन्हा नाद करत नाही. अळी पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, सहज सापडते, फक्त रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. कण्हेरीवर कॉमन क्रो, त्याचा कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चमकतो, पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं कुणाच्या कानातलं अडकलं. सीताफळाच्या कोवळ्या पानांवर टेल्ड जे, हिरव्या ठिपक्यांचा, फुलावर बसला तरी पंख फडफडतच राहतात, त्याचा फोटो काढायला गेलात तर मोबाईल फेकून द्यावासा वाटेल. बहाव्यावर इमिग्रंट. एरंडीवर कॉमन कॅस्टर. कुंडीतल्या पानफुटीवर रेड पिएरो, याची अळी पानाच्या आतच पोखरत राहते. वाघाटीच्या काटेरी वेलीवर, तीच ती आषाढी एकादशीचा उपास सोडताना भाजी करतो ती, पायोनियर आणि ऑरेंज टिप. जंगलाकडं तेंदूवर, म्हणजे आपल्या टेंभुर्णीवर, बॅरोनेट, नारिंगी-तपकिरी, पायवाटेवरच बसलेला असतो.

नकलाकार मात्र सुरुवातीला फसवतात. प्लेन टायगरसारखीच दिसणारी डॅनाइड एगफ्लायची मादी असते, ती विषारी नाही, नुसतं सोंग घेतलंय. मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके तीन-चार असतील तर टायगर, वरच्या कडेला एकच असेल तर एगफ्लाय. तिची अळी आपल्या घोळीच्या भाजीवर वाढते, म्हणून ओलिताच्या वाफ्यांशी ती फिरताना दिसेल. तसंच कॉमन मॉर्मनची मादी कॉमन रोजची नक्कल करते, पंख अगदी तसेच, पण अंगाकडं पाहा, अंग लाल असेल तर रोज, काळं असेल तर मॉर्मन. मी पहिल्या वर्षी सगळ्याच कॉमन रोज म्हणून लिहून ठेवल्या होत्या.

पाहायचं कसं

सामान फार नको. वही, पेन, मोबाईल, पाणी. दुर्बीण असली तर ठीक. जाळी तर नकोच, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कितीतरी फुलपाखरांना संरक्षण आहे, आणि हातानं धरलं की पंखावरची खवलं, ते आपल्या बोटाला लागतं ते रंगीत पीठ, निघून जातं, ते पुन्हा येत नाही.

जवळ जाताना सूर्य कुठं आहे ते बघा, आपली सावली त्याच्यावर पडली की गेलंच. वाकून, हळू, थांबत-थांबत. उडालं तर मागं धावू नका, पॅन्सीसारखी कितीतरी फुलपाखरं चक्कर मारून त्याच जागेवर परत बसतात. फोटो आधी लांबून एक काढा मग जवळून, जमलं तर पंखांची वरची आणि खालची दोन्ही बाजू घ्या, कारण ओळख पुष्कळदा खालच्या बाजूवरूनच पटते आणि इमिग्रंटसारखी काही तर बसल्यावर पंख उघडतच नाहीत. वहीत तारीख, वेळ, जागा आणि कोणत्या झाडावर किंवा कशावर बसलं होतं ते लिहा, हे शेवटचं लोक विसरतात आणि नंतर ओळख पटवताना तेच कामाला येतं. फोटो आयनॅचरलिस्ट या वेबसाइटवर टाकला तर जाणकार नाव सांगतात, फुलपाखरांचं तरी लवकर सांगतात.

अळी पाळायची असेल तर

सुट्ट्यांत घरात पोट्टे असतील तर हे नक्की करा. लाइमची एक-दोन अळ्या पानासकट आणा, मोठ्या बरणीत ठेवा, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा, तळाला कागद, रोज ताजी पानं आणि रोज लेंड्या साफ. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना धरा. कोषासाठी आत एक वाळकी काडी तिरपी लावून ठेवा. बरणी खिडकीत उन्हात नको, कुलरच्या थेट झोतातही नको.

मी पहिल्यांदा सहा अळ्या आणल्या आणि सहाही मेल्या. पानं संपली म्हणून शेजारच्या बगीच्यातून आणली आणि तिथं दोनच दिवसांपूर्वी फवारणी झालेली, मी विचारलंच नव्हतं. सकाळी पाहतो तर सगळ्या आडव्या, आणि माझी पुतणी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तेव्हा पान कुठलं ते आधी विचारा. फुलपाखरू बाहेर येताना (बहुतेक सकाळीच येतं) अडकल्यासारखं वाटलं तरी मदत करू नका, त्या धडपडीत हात घातला तर पंख वाकडे राहायची भीती असते.

केसाळ अळ्यांना हात लावायचा नाही, शेवग्याच्या खोडावर गठ्ठ्यानं असतात त्यांना तर नाहीच. केस टोचले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उपटून काढा.

जंगलात जाताना

गावाच्या वाडीत आणि नाल्यात पन्नास वेळा पाहून झाल्यावरच जंगलाकडं वळा. एकटे नको. मोह आणि टेंभुर्णीच्या दिवसांत अस्वल पहाटे त्याच झाडांखाली असतं, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांना वाघाचं मी वेगळं सांगायला नको. मोह वेचायला जाणाऱ्या बायांबरोबर, गुराख्याबरोबर जा, त्यांना पाणवठे तोंडपाठ असतात. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पायी शिरू नका. बिडी-काडी तर खिशातही नको, उन्हाळ्यात पाचोळा पेटायला निमित्तच लागतं. त्याच पाचोळ्यात कॉमन इव्हनिंग ब्राउन बसलेलं असतं, उन्हाळी रूपात ते वाळक्या पानासारखं दिसतं, पावसाळ्यात त्याच्याच पंखांवर ठसठशीत डोळे उमटतात. पाय पडायच्या बेतात असताना उडतं आणि दोन हातांवर पुन्हा पान होऊन जातं. दिवे लागणीला ते घराच्या ओट्यावरही येतं.

आणि रात्री पतंग

पतंग म्हटलं की शेतकऱ्याच्या डोक्यात कपाशीवरची गुलाबी बोंडअळी येते, ती पतंगाचीच अळी, २०१७ चा हंगाम विदर्भात कुणी विसरलेलं नाही. कामगंध सापळ्यात अडकतात ते तिचेच नर, मादीच्या वासासारखा वास लावलेला असतो म्हणून येतात. पण भारतात पतंगांच्या १०,००० च्या वर जाती आहेत आणि फुलपाखरांच्या १,३०० च्या आसपास, त्यातले पिकाचे वैरी मूठभर. ओळखायचं कसं, तर मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी. रंगावर जाऊ नका, ओलिएंडर हॉकमॉथ म्हणजे कण्हेरीवरचा हिरवा पतंग कोणत्याही फुलपाखराला लाजवेल. संध्याकाळी फुलासमोर हवेत थबकून रस पिणारं दिसलं आणि कुणी हमिंगबर्ड पाहिला म्हणालं तर तोही हॉकमॉथच, हमिंगबर्ड आपल्या देशात नाहीत. उन्हाळी तिळाच्या वावरात बोटभर जाडीची, शेपटीला शिंग असलेली अळी दिसली तर ती डेथ्स हेड हॉकमॉथची, मोठेपणी पाठीवर कवटीसारखं चित्र, धरलं की चक्क चिरकतो, आणि मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो.

भंडाऱ्याकडं माझे मामा असतात, तिकडं आणि गडचिरोलीत ढिवर समाजाचे लोक ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पाळतात, कोशाचं कापड त्याचंच. उन्हाळ्यात ऐनाची पानं झडलेली असतात तेव्हा जंगलात फांदीला देठासकट लटकलेला कोसा दिसू शकतो, बोरापेक्षा मोठा, टणक. तोडू नका. आत जीव झोपलेला असतो आणि पावसाची चाहूल लागली की एक टोक मऊ करून विताएवढा पतंग बाहेर येतो, त्याला खायला तोंडच नसतं, आठवडाभराचं आयुष्य.

पतंग पाहायला पांढरी चादर दोरीवर ताणायची आणि समोर दिवा. जुना मर्क्युरी बल्ब नाहीतर सीएफएल चांगला, एलईडीवर कमी येतात. अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, उकाड्याची, वारा नसलेली रात्र निवडा, सात ते अकरा. रोहिणीचा एखादा शिडकावा झाला असेल तर विचारूच नका. ते दिव्याच्या प्रेमात पडून येतात असं शायर म्हणतात, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की उडणारे किडे पाठ उजेडाकडे ठेवतात, रात्री उजेड म्हणजे आकाश असा त्यांचा हिशोब, आपण खाली दिवा लावला की हिशोब चुकतो आणि ते गरगरत राहतात. म्हणूनच रात्रभर दिवा चालू ठेवायचा नाही, ते दमतात आणि पहाटे बुलबुल-कोतवाल चादरीवरून एकेक टिपून नेतात.

अकराला दिवा बंद, चादर हळू झटका आणि वहीत वेळ लिहा. चादर काढायला जाताना बूट घाला आणि टॉर्च खाली धरा, किड्यांच्या आशेनं बेडूक येतात, बेडकांच्या मागं साप येतो, आणि विंचू तर चादरीच्या खालच्या घडीतच बसलेला मी दोनदा पाहिलाय.